खडी, बेडी आणि काळे पाणी

‘शिकला नाहीस तर खडी फोडायला जाशील’ असा धाक मराठी पांढरपेशा घरांतून मुलांना घातला जातो. खडी फोडणे म्हणजे तुरुंगात जाणे, हा या भाषेतला रूढ अर्थ. माझ्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडली आणि सुकडी घरी आणली. वडिलांनी पुढे तुर्भ्याच्या दगडखाणीत तेच केले. दोघांनीही कोणता गुन्हा केला नव्हता. या भाषेने ज्याला शिक्षा म्हटले, ते आमच्या घरात पोट भरण्याचे साधन होते. म्हणूनच सक्तमजुरीचा इतिहास वाचताना आपण आपली म्हणून एक जागा घेतली पाहिजे.

कैद्याला जहाजात घालून राबवण्याची रीत इंग्रजांनी प्रथम आपल्याच गरिबांवर वापरली. अमेरिकेतील वसाहती उठल्या आणि तिकडे कैदी पाठवणे थांबले, तेव्हा १७७६ पासून थेम्स नदीत जुनी जहाजे नांगरून त्यांचेच तुरुंग केले गेले. रात्री जहाजात कोंडायचे, दिवसा नदीचा गाळ उपसायला लावायचे. १७८८ ते १८६८ या काळात दीड लाखांहून अधिक कैदी ऑस्ट्रेलियात पाठवले गेले.

कंपनी सरकारने हीच रीत आपल्याकडे चालवली. मॉरिशसला १८१५ पासून बंगालचे आणि पुढे मुंबई इलाख्याचेही कैदी जाऊ लागले. १८३७ पर्यंत ते सुमारे दीड हजार झाले. त्यांनी रस्ते बांधले, पूल बांधले, दगड फोडला. १८३६ साली तिथे उतरलेल्या चार्ल्स डार्विनने या हिंदी कैद्यांची दखल घेतली आहे. सिंगापूरचे सेंट अँड्र्यूज चर्च असेच हिंदी कैद्यांच्या हातांनी उभे राहिले. उलट दिशेनेही माणसे आली. मलायाकडचे चिनी व मलायी कैदी १८३४ पासून महाबळेश्वरच्या तुरुंगात होते. त्यांनी घाटमाथ्यावर रस्ते केले, भाजीपाला पिकवला. तो तुरुंग १८६४ साली बंद झाला. आज तिथे सहलीला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते?

हे सर्व कैदी खालच्या जातींचे होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांत सर्व जातींचे लोक होते, ब्राह्मणही होते. परंतु ही शिक्षा कोणाच्या भयावर उभारली होती, हे पाहिले पाहिजे. समुद्र ओलांडला की जात बाटते, ही द्विजांची समजूत. फाशीपेक्षा काळे पाणी भयंकर, असे हिंदी माणसाला वाटते, असा हिशेब सरकारने केला तो या समजुतीवर. ज्याला गावकुसाबाहेरच जन्मावे लागले, त्याची कोणती जात बाटणार होती? त्याचे जात होते ते घर, बायकापोरे, ओळखीची माती. पण ‘काळे पाणी’ हा शब्द वरच्यांच्या दुःखातून घडला, आणि सगळ्यांचे दुःख त्या एका शब्दात कोंबले गेले.

अंदमानची वसाहत मार्च १८५८ मध्ये २०० कैद्यांनिशी सुरू झाली. तिथली प्रसिद्ध कोठडीबंद इमारत १९०६ साली पुरी झाली, तीही कैद्यांच्याच श्रमातून. मराठी वाचकाच्या मनातले अंदमान मात्र त्यानंतरचे आहे. १९११ साली सावरकर ठाण्याच्या तुरुंगातून मद्रासमार्गे तिकडे गेले आणि पुढे त्यांनी आपली जन्मठेप लिहिली. त्यांनी सोसलेले खोटे नव्हते. प्रश्न एवढाच, की ज्यांनी ती भिंत रचली त्यांचे कोणी लिहिले? त्याच ठाण्याच्या तुरुंगात १८४८ साली महादेव कोळ्यांचा बंडखोर राघोजी भांगरे फासावर गेला. त्याच्या हाती लेखणी नव्हती. तो सरकारी दप्तरात दरोडेखोर म्हणून उरला.

तुरुंगाने जात मोडली, असेही कोणी समजू नये. १८४० च्या दशकात बिहारच्या तुरुंगांत सर्वांचे जेवण एकत्र शिजवण्याचा हुकूम निघाला तेव्हा कैद्यांनी दंगे केले. सरकारने जातीशी जुळवून घेतले. वरच्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करायचा, खालच्याने झाडू आणि मैला उचलायचा, ही वाटणी पुढे नियमपुस्तकांतच शिरली. स्वातंत्र्य आले, बाबासाहेबांनी घडवलेल्या घटनेने अस्पृश्यता आणि वेठ दोन्ही रद्द ठरवल्या, तरी ती अनेक राज्यांच्या नियमपुस्तकांत जिवंत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. म्हणजे त्या दिवसापर्यंत बाहेरचा गावगाडा आत कायद्याने चालत होता!

मॉरिशसमध्ये आधी गुलाम राबले. मग कैदी आले. १८३४ पासून करारबद्ध मजुरांची जहाजे लागू लागली, त्यांत पुढे कोकणातली मराठी माणसेही होती. घाम तोच राहिला, कागदावरचे नाव तेवढे बदलले. आपल्याकडे तर कागदाचीही गरज पडली नाही. वेठबिगारीला वतन म्हटले की काम भागत होते. इंग्रजाला माणूस राबवण्यासाठी निदान खटला चालवावा लागला. गावाला जन्माचा दाखला पुरला.

मी शिकवतो तिथून खाडीच्या वरच्या अंगाला ठाण्याचा तो तुरुंग आहे, आणि अलीकडे तळोज्याचा. मधल्या शहराचा दगड तुर्भ्यासारख्या खाणींतून निघाला. माझे विद्यार्थी विचारतात, ‘सर, यात आपला इतिहास कुठे आहे?’ मी त्यांना मुंबईच्या पुराभिलेखागारात जा म्हणतो. तिथल्या न्यायखात्याच्या जुन्या कागदांत इंग्रज कारकुनाने लिहिलेली कैद्यांची हकीकत शोधा म्हणतो. ती त्यांनी सांगितलेली नाही, त्यांच्याविषयी सांगितलेली आहे. ती उलटी वाचायला शिकणे, हे आपल्या पिढीचे काम आहे. आणि त्या कामाची पहिली अट एकच: खडी फोडणाऱ्याला यापुढे गुन्हेगार समजायचे नाही.