आधी ताटली उलटी करा

साल १९२१. तुम्ही पेत्रोग्रादमध्ये, नेवा नदीकाठच्या सरकारी पोर्सिलेन कारखान्यात उभे आहात. १७४४ साली राजघराण्यासाठी सुरू झालेला हा कारखाना १९१८ पासून नव्या राजवटीच्या ताब्यात आहे. चित्रशाळेत इतका गारठा, की अंगातला कोट काढवत नाही. टर्पेंटाइनचा वास नाकात बसतो.

समोरची ताटली उचला. चित्र नंतर बघा, आधी ती उलटी करा. मागे हिरव्या रंगात मुकुट, झार दुसऱ्या निकोलसची आद्याक्षरं आणि खाली साल. झार गेला, पण झिलई करून ठेवलेल्या कोऱ्या ताटल्यांच्या चळती गोदामात तशाच राहिल्या. पोर्सिलेन नव्याने भाजायचं तर भट्टी १,४०० अंशांच्या आसपास न्यावी लागते. झिलईवरचं चित्र पक्कं करायला साधारण ८०० अंश पुरतात. सरपणाची मारामार असताना जुन्या मालावर नवं चित्र काढणं किती सोयीचं, हे इथे कुडकुडताना लगेच पटतं.

शेजारी कुणीतरी झारच्या शिक्क्यावर रंगाचा ठिपका देऊन तो झाकतंय. बाजूला निळ्या रंगात विळा, हातोडा आणि दातेरी चाकाचा तुकडा उमटतो.

आता ताटली सुलटी करा. ही चित्रकार मिखाईल अदामोविचची. नातान आल्तमानच्या रेखाटनावरून घेतलेला लेनिनचा चेहरा, लाल तारा, शिधापत्रिका आणि कडेने घोषणा: जो काम करत नाही, तो खाणार नाही. शिधापत्रिकेवर जरा रेंगाळा. व्होल्गाकाठी याच वर्षी दुष्काळाने माणसं मरताहेत, या शहरातही पावाचा तुकडा मोजून मिळतो. अन्नाबद्दल इतक्या ठामपणे बोलणाऱ्या या ताटलीत मात्र कुणी जेवणार नाही. मजुरांसाठी घोषणा मिरवणारी ही भांडी सरकार परकीय चलनासाठी परदेशात विकणार आहे. मला तरी या ताटलीचं मोल सोन्याच्या कडेपेक्षा या विसंगतीत वाटतं.

आता शंभर वर्षं पुढे या, लिलावघरात. तीच रचना पुन्हा तुमच्या हातात आहे. झारचा शिक्का न झाकलेली ताटली संग्राहकांना विशेष प्रिय, कारण दोन्ही राजवटी एकाच बुडावर वाचता येतात. पण त्या शिक्क्यावर विसंबू नका. त्याखालचं साल कोऱ्या ताटलीचं असतं, चित्राचं नव्हे. आणि खऱ्या जुन्या ताटलीवर कुणी गेल्या वर्षीही चित्र काढलेलं असू शकतं. एकच रचना अनेक हातांनी अनेकदा रंगवली गेली आहे, म्हणून अक्षरांची वळणं आणि कुंचल्याची धार बघा. कारखान्याचा जुना संग्रह आता हर्मिटाज संग्रहालयाकडे आहे. तिथल्या ताटलीचं छायाचित्र शेजारी ठेवा आणि मगच बोली लावा.