पवनीचा छायाखंभ

श्रोतेहो, वैनगंगेच्या काठची पवनी आपल्या भंडारा जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? १९६९-७० साली इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि बौद्ध स्तूप उजेडात आला. याच पवनीत एक दगडी खांब मिळाला आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत मोजकीच अक्षरे आहेत: महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा 'छायाखंभ'. छाया म्हणजे प्रतिमा आणि खंभ म्हणजे आपला खांब. महाक्षत्रप ही शक राज्यकर्त्यांची पदवी. राज्य गेले, पदवी गेली. नाव तेवढे दगडाने राखले.

असे छायाखंभ आंध्रात कृष्णाकाठी नागार्जुनकोंड्यालाही आहेत. ते तिसऱ्या-चौथ्या शतकांतले, इक्ष्वाकू राजांच्या काळचे. त्यांत राजाचा खांब आहे, सेनापतींचे आहेत, तसे लढाईत पडलेल्या साध्या शिपायांचेही आहेत. मानाची जागा केवळ राजालाच होती असे नाही, हे ध्यानात घ्या.

पुढे महाराष्ट्रात हीच रीत वीरगळाच्या रूपाने दिसते. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाशी धारातीर्थी पडलेला वीर, कधी बाजूला त्याने राखलेल्या गाई, मग लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. माथ्याशी चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहो. मुंबईजवळ बोरिवलीच्या एकसरला तर वीरगळांवर लढाऊ गलबतेच कोरली आहेत.

आता विचार करा. पाथरवटाने रण पाहिले असेल, नसेलही. पण परतलेले सोबती सांगत असतील, घरची माणसे डोळे पुसत ऐकत असतील, आणि तीच आठवण छिन्नीखाली उतरत असेल. शिपायाचे मोल गावाने असे दगडात मांडून ठेवले.

आणि आपण? कुठे त्या दगडाला शेंदूर फासला जातो, कुठे त्यावर धुणे आपटले जाते, कुठे तो भिंतीत चिणला जातो. पूजा जरूर करा. पण तो कोणाचा, हे विसरू नका.

गुरुजी, एखाद्या दिवशी मुलांना घेऊन शिवेवर, देवळामागे फिरा. असा दगड दिसला तर तो हलवू नका. चित्र काढा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा, वहीत लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. ज्याने गाव राखले, त्याचा दगड राखणे एवढे तरी आपल्या हाती आहे.