माणदेशाचा किनारा

किनारा हा शब्द उच्चारला की आपल्या मनश्चक्षूंपुढे कोकण उभे राहते: नारळीपोफळीच्या वाड्या, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या आणि अहोरात्र चाललेली लाटांची गाज. सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकास, जेथे वर्षाकाठी वीस इंच पाऊस पडला तरी लोक देवाचे आभार मानतात, तेथेही एक किनारा आहे असे कोणी म्हटले, तर ऐकणारास ती थट्टाच वाटेल. परंतु म्हसवडपासून सहासात मैलांवर, माणगंगेच्या वाटेने आग्नेयेकडे गेल्यास असा किनारा खरोखरच लागतो. नकाशात त्यास राजेवाडीचा तलाव म्हणतात. जुन्या सरकारी कागदपत्रांत त्याचे नाव म्हसवडचा तलाव असे आहे. पाऊसकाळ चांगला झाला म्हणजे त्याचे पाणी पाचसहा चौरस मैल पसरते, आणि पलीकडचा काठ दुपारच्या उन्हात धुरकट दिसू लागतो. या काठाकाठाने आम्ही पुष्कळ फिरलो आहोत, आणि प्रत्येक फेरीगणिक आमची एक समजूत दृढ होत गेली आहे. ती ही की, म्हसवडचा जो इतिहास आपण वाचतो तो अपुरा आहे, आणि त्याचा राहिलेला भाग या पाण्याखाली व त्या बांधात पडून आहे.

लिहिलेला इतिहास थोडक्यात असा. म्हसवड हे सिद्धनाथाचे क्षेत्र. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस नाथाचा रथ निघतो आणि नदीच्या पात्रात यात्रा भरते. गाव घोंगड्यांसाठी प्रसिद्ध, आणि भोवतालचा प्रदेश खिलारी बैलांसाठी. येथील देशमुखी मान्यांची. सेनापती संताजी घोरपडे यांचा १६९७ साली शंभुमहादेवाच्या डोंगरात जो शोचनीय अंत झाला, त्याच्याशी म्हसवडच्या नागोजी माने यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. शाळेच्या पुस्तकात म्हसवड येते ते बहुधा एवढ्याच कारणाने. म्हणजे एका वैराच्या निमित्ताने. गावाला मिळालेली ही कीर्ती फारशी स्पृहणीय नाही, हे वाचक कबूल करतील.

आता न लिहिलेल्या इतिहासाकडे वळू. माणगंगा ही नदी माण तालुक्याच्याच वायव्येकडील कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते. दहिवडी, गोंदवले, म्हसवड अशी गावे घेत आटपाडी व सांगोल्याच्या मुलखातून जाते आणि शेवटी भीमेस मिळते. नदी म्हणावयाची ती चार महिन्यांची. एरवी पात्रात वाळूच अधिक. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास महाबळेश्वरी दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि डोंगर अडवून धरतात म्हणून पूर्वेकडे ढग येतात ते रिकामे होऊन. या अवर्षणाचे सर्वांत भयंकर रूप दख्खनने पाहिले ते १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात. त्या दुष्काळाने हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक बळी घेतले, असा अंदाज आहे. त्याच काळात दुष्काळी काम म्हणून माणगंगेवर हा प्रचंड मातीचा बांध घालण्यास आरंभ झाला, आणि पुढे काही वर्षांनी तो पुरा झाला. खटाव-माण भागातील नेर, पिंगळी, मायणी हे तलावही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलेच.

बांध कोणी बांधला, असा प्रश्न केला तर ग्रंथांतून उत्तर मिळते की सरकारने बांधला. परंतु सरकारने माती वाहिली नाही. माती वाहिली ती ज्यांची जनावरे मेली होती, ज्यांच्या कणगी रिकाम्या होत्या, त्या कुणबी, धनगर, महार, मांग, रामोशी स्त्रीपुरुषांनी. त्यांना काय मिळत होते हे पाहण्यासारखे आहे. १८७७ च्या आरंभी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुरी उतरवली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्य व वर एक आणा. बायकांस व मुलांस त्याहूनही कमी. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी दीड पौंडाखाली श्रम करणारे शरीर टिकणार नाही असे परोपरीने सांगितले. मुंबई इलाख्यात तर हजारो मजुरांनी कामेच सोडली. उपाशी माणसे मजुरी पुरत नाही म्हणून काम टाकून जातात, यातील निश्चय ध्यानात घेण्याजोगा आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. टीकेपुढे सरकारास थोडेफार नमावे लागले आणि मजुरी किंचित वाढली. विधिलीला अशी की, तेच टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर होऊन बसले!

तेव्हा बांधावरून चालताना आम्हांस वाटते ते असे. कैलासाचे लेणे अगर रायगड पाहताना आपण कारागिरांची नावे विचारतो, निदान ती नाहीत म्हणून हळहळतो. मग या मैलभराहून लांब मातीच्या रेषेपुढे आपल्याला तसा प्रश्न का पडू नये? त्यातील प्रत्येक पाटी एखाद्या रिकाम्या पोटाने उचललेली आहे.

बरे, पाणी साठले ते कोणासाठी? येथे दैवाने आणखी एक गाठ मारून ठेवली आहे. पाण्याचा बराच विस्तार सातारा जिल्ह्यात, देवापूर-पळसावडे या गावांच्या शिवारात. बांध राजेवाडीस, म्हणजे आज सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात. आणि कालव्याचे पाणी जाते आटपाडीकडे व सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याकडे. आटपाडी महाल पूर्वी औंध संस्थानात होता. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. सीमा माणसांनी पुन्हा पुन्हा आखल्या. पाणी मात्र आपल्या जागीच राहिले. परिणाम असा की ज्यांची काळी जमीन बुडाली त्यांस काठावर बसून पाण्याकडे पाहावे लागते, आणि ज्यांस पाणी मिळते त्यांस हा काठ क्वचितच दिसतो. आम्ही येथे कोणाची बाजू घेत नाही; सांगोल्याची तहान माणच्या तहानेहून कमी नाही. परंतु पाणी वाटताना ज्याने जमीन दिली त्याचा वाटा प्रथम आठवावा, एवढे तरी न्यायबुद्धीस पटण्यासारखे आहे.

शिवाय तलाव दरवर्षी भरत नाही. पाऊसच नाही तर बांध काय अडवणार? १८९६ चा दुष्काळ आला, त्यापाठोपाठ छपन्नाच्या संवतातला आला, १९७२ चा आला, २०१२-१३ चा आला, आणि दर वेळी गुरे छावणीत, माणसे परदेशी, हेच घडले. धनगर मेंढरे घेऊन ओल्या मुलखाकडे उतरले. आटपाडी-खानापुराकडील कितीतरी तरुण सोनेचांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात शिरून हिंदुस्थानच्या दूरदूरच्या शहरांत पांगले. अलीकडे उरमोडीचे पाणी माण-खटावकडे उचलून आणले जात आहे, आणि कोरड्या पात्रास पुन्हा नदीपण येऊ लागले आहे. ते टिको, हीच प्रार्थना.

पाणी ओसरू लागले म्हणजे किनारा आत सरकतो आणि मागे गाळाची काळी, भेगाळलेली जमीन उरते. तीत गाळपेर होते. हरभरा व ज्वारी केवळ ओलीवर उभी राहते. हिवाळ्यात चक्रवाक येतात, एखाद्या वर्षी रोहित पक्ष्यांची पांढरीगुलाबी रांग उथळ पाण्यात उभी दिसते. गर्दी नाही, बाजार नाही. जाळे टाकणारा भोई आणि शेळ्या राखणारी पोर, एवढीच काय ती वर्दळ.

या निवांत किनाऱ्याची एक फलश्रुती मात्र दूरवर पोचली आहे. दुष्काळात काम मागणे ही भीक आहे की हक्क, हा १८७७ चा प्रश्न मजुरांनी कामे सोडून विचारला होता. त्याचे उत्तर मिळण्यास बरोबर शंभर वर्षे लागली. शेजारच्याच सांगली जिल्ह्यातील वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९६५ साली तासगावकडे तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशानेही तसा कायदा केला. एक पौंड धान्यापासून कायद्यातील हक्कापर्यंतचा हा प्रवास आमच्या मते माणदेशाच्या इतिहासातील कोणत्याही लढाईहून मोठा आहे. लढाईत एकाचे शिर पडले आणि ते दुसऱ्याच्या नावावर लागले. येथे हजारोंच्या डोक्यावरील पाट्यांनी एक नदी अडवली, आणि त्यांपैकी कोणाचेच नाव कोठे लागले नाही. म्हसवडास नाथाच्या दर्शनास जाणारांनी, सवड असल्यास, तेवढी सहासात मैलांची वाट पुढे चालावी. बांधावर शिलालेख नाही. म्हणून तेथे काय लिहावयास हवे होते, ते ज्याचे त्याने मनात लिहून घ्यावे.