संगमाचे घाट आणि निगराणीची नेमणूक

मराठवाड्यातील गंगापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवर, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातून वाहत आलेली प्रवरा जेथे गोदावरीस मिळते, तेथे उत्तर तीरावर जुन्या कायगावचे रामेश्वर आणि पैलतीरी टोक्याचे सिद्धेश्वर व प्रवरासंगमचे घोटेश्वर अशी तीन शिवस्थाने उभी आहेत. अशी स्थाने कोणी बांधली हे इतिहास आवडीने सांगतो. ती शतकानुशतके कोणी झाडली, कोणी सारवली, पावसाळ्यानंतर पायऱ्यांवरचा गाळ कोणी ओढला, हे मात्र तो क्वचितच सांगतो, आणि माझ्या मते सार्वजनिक सोयींचा खरा इतिहास त्या दुसऱ्या प्रश्नातच आहे.

अठराव्या शतकात याच कायगावचे नारायण दीक्षित पाटणकर काशीस जाऊन स्थायिक झाले, आणि तेथील ब्रह्माघाट व दुर्गाघाट यांच्याशी त्यांचे नाव आजही जोडले जाते. एका गोदातीरच्या खेड्यातील विद्वान घराण्याने गंगेकाठी यात्रेकरूंची सोय करावी, ही या तालुक्याला भूषणावह गोष्ट होय. परंतु घाट बांधणारा दाता एकदाच द्रव्य देतो आणि नदी दरवर्षी चढते, ही जाणीव त्या काळच्या कारभारात पक्की होती. म्हणूनच देवस्थानास जमीन लावून देताना तिच्या उत्पन्नावर पूजा, दिवाबत्ती आणि झाडलोट यांचा भार घालीत. हैदराबाद संस्थानच्या दफ्तरात अशा सेवेच्या शर्तीवरील इनामास ‘मशरूतुल खिदमत’ म्हणत. सेवा खंडित झाल्यास इनाम धोक्यात येई, आणि या एका शर्तीमुळे देखभालीस दरवर्षी नवा दाता शोधावा लागत नसे.

एकोणिसाव्या शतकात गोदावरी ही निजामाच्या व इंग्रजांच्या मुलखातील सीमा ठरल्यावर हे एकच तीर्थ दोन अमलांत विभागले गेले. कायगावचा भाविक निजामाच्या उमूर-ए-मजहबी (धर्मविषयक) खात्याच्या देखरेखीतील मुलखात, तर टोक्याचा भाविक मुंबई इलाख्यात. पर्वणीस मात्र दोघेही त्याच पाण्यात उतरत. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि अमलाची सीमा केवळ जिल्ह्याची सीमा उरली.

पुढे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने पालिकेच्या कर्तव्यांची बंधनकारक व स्वेच्छाधीन अशी वाटणी केली. दिवाबत्ती, सफाई, गटारे ही पहिल्या वर्गात. उद्याने, वस्तुसंग्रहालये यांसारख्या गोष्टी दुसऱ्यात. तिजोरी लहान असली की स्वेच्छाधीन कर्तव्य पुढील वर्षावर जाते, आणि पुढील वर्षीही तेच घडते. त्यात गंगापूर नगरपरिषदेची हद्द कायगावच्या घाटापर्यंत पोहोचत नाही, जरी दशक्रियेस व पर्वणीस गावातील माणूस तेथेच जातो.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादुर शास्त्रींनी गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, १९७६ मध्ये धरणाचे लोकार्पण झाले, आणि त्याच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा संगमापर्यंत येऊ लागला. गंगापूर व पैठण तालुक्यांतील सुपीक काळी जमीन पाण्याखाली गेली. कायगावचे जुने व नवे असे दोन भाग झाले. त्या पाण्यावर आज छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) शहराची तहान भागते, आणि १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाल्यापासून हिवाळी पाहुण्यांसाठी प्रेक्षकही तेथे येतात. पाणी पाटबंधारे खात्याचे, पक्षी वनखात्याचे, देवस्थान विश्वस्तांचे, वस्ती ग्रामपंचायतीची. पायऱ्या नेमक्या कोणाच्या, याचे उत्तर प्रत्येक कचेरी दुसऱ्या कचेरीकडे बोट दाखवून देऊ शकते.

धरणाकाठच्या घाटाचे दुखणे साध्या नदीघाटाहून वेगळे असते. पाणी महिनोन्‌महिने स्थिर उभे राहिल्याने सांध्यांतील चुना भिजून सुटतो, दरजांत गाळ बसतो, त्या गाळात पिंपळ रुजतो, आणि बोटाएवढे ते रोप वेळीच उपटले नाही तर त्याचे मूळ घडीव दगडास जागेवरून हलवते. या व्याधीवर नवे सुशोभीकरण, कमानी वा दीपस्तंभ हा उपाय नव्हे. हवी आहे ती जुन्या इनामाच्या सनदेसारखी वार्षिक नेमणूक: नगरपरिषद, जिल्हा परिषद व पाटबंधारे खाते यांनी मिळून ठरविलेली, दोन-चार झाडूवाले, एक गवंडी आणि चुन्याचा खर्च भागेल एवढी. पाणी उतरते ते चैत्र-वैशाखात, आणि मृगाच्या आत काम उरकावे लागते. सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्यामुळे मंजुरीचा कागद त्या तारखेनंतर फिरू लागला, तर तो हाती येईपर्यंत पायऱ्या पुन्हा पाण्याखाली गेलेल्या असतात. तेव्हा ही रक्कम आदल्या वर्षीच्या अंदाजपत्रकातच, कोणत्याही नव्या बांधकामाच्या आधी, धरली गेली पाहिजे.