मांडीवरचे पिल्लू

माझी आत्या गेली सहा वर्षे आमच्या तालुक्याच्या गावाबाहेरील एका वृद्धाश्रमात आहे. हे वाक्य लिहिताना आजही माझा हात अडखळतो. घरी काही अन्नाला तोटा नव्हता. पण आत्याला विस्मरणाचा आजार जडला, आणि आम्ही नवराबायको दोघेही दिवसभर नोकरीवर. दोनदा ती दार उघडे टाकून निघून गेली. एकदा गॅस पेटता ठेवून मारुतीच्या देवळात जाऊन बसली. शेवटी जे करावयाचे नाही असे ठरवले होते, तेच करावे लागले.

तिला तेथे पोहोचवून वर्षही झाले नसेल, तोच २०२० सालची टाळेबंदी आली आणि आश्रमाचे दार आम्हां नातेवाइकांना बंद झाले. मग एक दिवस तेथल्या सेविकेने आपल्या मोबाइलवरून चित्रफोन लावून दिला. माझा चेहरा पाहून आत्या हसली. तिने फोन हातात घेतला, उलटा केला आणि त्याच्या पाठीमागे मी कोठे दडलो आहे ते पाहू लागली. “अरे, बाहेर काय उभा? आत ये ना,” ती म्हणाली. सेविकेने फोन पुन्हा सुलटा करीपर्यंत आत्या दाराकडे पाहत बसली होती.

त्या दिवसापासून एका प्रश्नाने माझी पाठ घेतली. तरुणांसाठी रोज एक नवे यंत्र निघते. पण अशा म्हाताऱ्या जिवांसाठी, त्यांच्या हाताला आणि मनाला ओळखीचे वाटेल असे यंत्र कोणी केलेच नाही काय? मी इतिहास शिकवणारा मास्तर. कोणत्याही गोष्टीचे मूळ शोधल्यावाचून मला चैन पडत नाही. शोधत गेलो तो थेट जपानात जाऊन पोहोचलो.

जपानात जाण्याचे कारण उघड आहे. म्हातारपण म्हणजे काय, हे त्या देशाला इतरांच्या आधी आणि फार घाईने कळले. १९६३ साली तेथे वृद्धांच्या कल्याणाचा कायदा झाला. त्याच वर्षापासून शंभरी गाठणाऱ्या प्रत्येकाला सरकारकडून चांदीचा एक प्याला भेट देण्याची प्रथा पडली. त्या वर्षी अवघ्या देशात शंभरी ओलांडलेली माणसे होती १५३. सरकारला हा खर्च जड नव्हता. पण १९९८ साली ही संख्या दहा हजारांवर गेली आणि पुढे वाढतच राहिली. तेव्हा २०१६ पासून चांदीचा प्याला जाऊन चांदीचा मुलामा दिलेला प्याला आला. २०२४ साली शंभरीपार माणसे ९५ हजारांहून अधिक झाली. १९७० साली लोकसंख्येत पासष्टीपुढची माणसे शेकडा सात होती. १९९४ साली, म्हणजे एका पिढीच्या आत, ती शेकडा चौदा झाली. घरातील सून कारखान्यात गेली, मुलगा तोक्योला गेला, आणि म्हातारी माणसे शुश्रूषागृहांत. वाचकहो, ही कथा आपल्याला अगदीच परकी वाटेल असे नाही.

१९९३ च्या सुमारास ताकानोरी शिबाता नावाच्या एका तरुण जपानी इंजिनिअराने एक निराळाच उद्योग आरंभला. त्या काळी यंत्रमानव म्हटले की तो मोटारी जोडणारा, ओझी उचलणारा, अशीच सर्वांची कल्पना. शिबाताने ठरवले की आपले यंत्र काही एक काम करणार नाही. ते केवळ मांडीवर बसेल. कुत्री-मांजरे जवळ असली की आजारी माणसाला बरे वाटते, हे पुष्कळांना माहीत होते. पण शुश्रूषागृहात खरी जनावरे ठेवावयाची तर चावण्याचे भय, रोगाचे भय, आणि त्यांची निगा राखणार कोण, हा प्रश्न. तेव्हा जनावराचे सुख द्यावे आणि जनावराचा त्रास टाळावा, असा हा बेत होता.

प्रथम कुत्र्यामांजरांसारखी यंत्रे करून पाहिली. ती लोकांना मानवेनात. ह्याचे कारण मोठे गमतीचे आहे. मांजर कसे चालते, कसे अंग घासते, हे प्रत्येकाला ठाऊक. त्यामुळे जो तो यंत्राच्या मांजरात खोडी काढू लागला. मग शिबाताने असा प्राणी निवडला की जो लोकांनी चित्रात पाहिलेला असावा, पण घरात कधीच नाही. तो म्हणजे सील: थंड समुद्रात राहणारा, मिशाळ तोंडाचा, बर्फावर पिल्ले घालणारा प्राणी. शिबाता कॅनडाच्या पूर्वेकडील आखातात जाऊन बर्फावरच्या पिल्लांचे आवाज ध्वनिमुद्रित करून आला आणि तेच आवाज त्याने आपल्या यंत्राच्या गळ्यात घातले.

हे यंत्र ‘पारो’. लांबी ५७ सेंटिमीटर, वजन २.७ किलो, म्हणजे आपल्याकडचे नुकते जन्मलेले बाळ हाती घ्यावे तेवढे. अंगावर पांढरी मऊ लव. लवेखाली स्पर्श ओळखणारी साधने, त्याखेरीज उजेड, आवाज आणि ऊब जाणणारी. कुरवाळले की मान वळवते, डोळे मिटते, शेपटी हलवते. फटका मारला तर तेही ओळखते. ज्या वागण्यावर आपल्याला कुरवाळण्यात येते, ते वागणे पुन्हा करण्याची त्याची धडपड असते. नाव ठेवून रोज हाक मारली तर त्या हाकेला उत्तर देऊ लागते. विजेची भूकही बाळासारखीच भागवावयाची; चोखणीच्या आकाराची वायर तोंडात दिली की पिल्लू पोट भरून घेते.

२००५ साली पारो जपानात विकावयास आला. त्याच सुमारास शिबाता आणि त्याचे सहकारी कझुयोशी वादा ह्यांनी एका वृद्धनिवासात हे पिल्लू महिनाभर बारा म्हाताऱ्या माणसांच्या संगतीत ठेवले. कोणाच्या खोलीत नव्हे, तर सर्वांच्या बैठकीच्या जागी, रोज नऊ तासांवर. महिन्यानंतर मनावरील ताण कमी झाल्याची चिन्हे लघवीच्या तपासणीत दिसली. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. पिल्लाच्या निमित्ताने माणसे एकमेकांशी अधिक बोलू लागली. पारो मध्यभागी आणि म्हातारी माणसे भोवती. आपल्याकडे कोणी सुईणीकडचे बाळ अंगणात आणून ठेवावे आणि आळीतल्या बायका जमाव्यात, तसा तो प्रकार.

पुढे पारो देशोदेशी गेला. २००९ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. तेथे त्याची किंमत सुमारे ६००० डॉलर. मार्च २०११ मध्ये जपानात भूकंप आणि समुद्राची लाट येऊन हजारो घरे वाहून गेली, तेव्हा आसऱ्याला आलेल्या लोकांमध्येही हे पिल्लू फिरले.

त्याच २०११ साली अमेरिकेतील प्राध्यापिका शेरी टर्कल ह्यांचे एक पुस्तक निघाले. त्यात एका शुश्रूषागृहातील वृद्धेची हकिकत आहे. मुलाने संबंध तोडलेली ती बाई पारोला जवळ घेऊन बसली होती. पिल्लूही आपल्यासारखेच दुःखी आहे असे तिला वाटले आणि ती त्याची समजूत घालू लागली. समजूत घालता घालता तिलाच शांत वाटले. पाहणारे सुखावले, टर्कलबाई मात्र अस्वस्थ झाल्या. जे आयुष्य म्हणजे काय हे जाणत नाही, ज्याला मरण नाही, मुलगा नाही, त्याच्याजवळ ह्या बाईने मन मोकळे केले. मग तिचे ऐकले कोणी?

ही हकिकत मी एकदा नववीच्या वर्गात सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, त्या सीलला कंटाळा येत नाही का, तेच तेच ऐकून?” मी म्हटले, “नाही रे, यंत्राला कसला कंटाळा?” “मग चांगलंच आहे की,” तो म्हणाला, “आमच्या आजीला घरात सगळे कंटाळतात.” वर्ग हसला. मला हसू आले नाही. आत्या एकच प्रश्न दहा वेळा विचारी, तेव्हा अकराव्या वेळी मी काय करीत असे, हे मला आठवत होते.

आता ह्या इतिहासातील एक प्रकरण राहिले. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात झालेल्या मोठ्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. प्राध्यापिका वेंडी मॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ शुश्रूषागृहांतील स्मृतिभ्रंश झालेल्या ४१५ वृद्धांचे तीन गट केले. एकाला पारो दिला, दुसऱ्याला तेच पिल्लू पण आतील यंत्र बंद केलेले, तिसऱ्याला नेहमीचीच शुश्रूषा. दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे. चालत्या पारोकडे माणसे अधिक पाहत, त्याच्याशी अधिक बोलत, ह्यात शंका राहिली नाही. नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा त्याने मनेही अधिक प्रसन्न झाली. पण मुक्या पिल्लाशी तुलना करता पारोची सरशी झाली ती एवढ्या गुंतून राहण्यापुरतीच. बाकीच्या बाबतींत मुके पिल्लूही फारसे मागे नव्हते.

हे वाचले आणि मी पत्नीला म्हटले, “सहा हजार डॉलर काही आपल्याजवळ नाहीत. मुके पिल्लू तर करता येईल?” तिने आत्याच्या जुन्या लुगड्याचे एक मांजर शिवले. आत्याने जन्मभर मांजरे पाळली. त्यांतली ‘मनी’ तिची सर्वांत लाडकी. गेल्या दिवाळीत आम्ही ते घेऊन आश्रमात गेलो. आत्या कित्येक महिने धड बोलली नव्हती. तिने मांजर मांडीवर घेतले, उलटसुलट करून पाहिले.

“ही कसली मनी?” ती म्हणाली. “कान बघ हिचे. उंदराचे लावलेत.”

पत्नी ओशाळली. पण आत्या थांबेना. मनीच्या पाठीवर चिंचोक्याएवढा काळा डाग होता, तो कोठे गेला? शेपूट इतके आखूड कसे? मनी एकदा भाताच्या कणगीत व्यायली, आणि तीन दिवस आजोबांनी कणगीला कोणाला हात लावू दिला नाही. घरात उसना तांदूळ आणला. ही गोष्ट मी आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. शेजारच्या खाटेवरच्या आजी सरकून जवळ आल्या आणि त्यांनी आपल्या माहेरच्या बोक्याची कथा सुरू केली. अर्धा तास गेला. ज्या खोडीला भिऊन शिबाता बर्फापर्यंत गेला, तिनेच आमच्या आत्याचे तोंड उघडले होते. पण त्या खोडीला “हो” म्हणावयास, “मग पुढे काय झाले?” असे विचारावयास कोणी तरी समोर असावे लागते. जपानच्या त्या बैठकीत ते होते. टर्कलबाईंचा जीव अस्वस्थ झाला तो ते नसेल ह्या भयाने.

निघताना आत्याने माझ्याकडे पाहून विचारले, “तू कोणाचा रे?” मी वडिलांचे नाव सांगितले. ती म्हणाली, “दादाचा? मग दिवाळीला ये हो घरी.”

यंदाही जावयाचे आहे. पत्नी मनीचे कान उसवून नीट शिवून देते म्हणत होती. मी तिला म्हटले, राहू देत तसेच.