वीस पौंडांचा गडी

फुटबॉलच्या जुन्या शौकिनांपाशी दोन घटका बसावे, म्हणजे एक वाक्य हमखास कानी येते : "आमच्या वेळचे गडी पैशासाठी खेळत नसत." इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात, प्रेस्टन या गावी, हे वाक्य टॉम फिनी या खेळाडूच्या नावावर ठेवलेले आहे. मी आयुष्यभर पगारपत्रके वाचत आलेला माणूस. कोणी पैशासाठी काम करीत नसे, असे ऐकले की माझा हात आपसूक त्याच्या पगारपत्रकाकडे जातो.

प्रेस्टन हे कापसाचे गाव. दहा टक्के वाढीच्या मागणीवरून 1853-54 साली तेथे जी प्रदीर्घ टाळेबंदी झाली, ती कामगार चळवळीच्या इतिहासात गाजलेली आहे. या गिरणगावांत फुटबॉल रुजला तो शनिवारच्या अर्ध्या सुट्टीमुळे. 1850 च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. त्यांच्यावाचून साचे चालेनात, तेव्हा पुरुषांसही मोकळीक मिळाली. (आमच्या मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची हक्काची सुट्टी मिळायला नारायण मेघाजी लोखंडे यांची चळवळ आणि 1890 साल उजाडावे लागले.) भोंगा झाला की माणसे मैदानाकडे निघत. 1888 साली बारा संघांची लीग निघाली, तीत सहा संघ एकट्या लँकेशायरचे होते. पहिल्याच हंगामात प्रेस्टनने एकही सामना न गमावता अजिंक्यपद मिळविले.

आता 'पैशासाठी खेळत नसत' या म्हणण्याची गंमत पाहा. त्या अजिंक्य संघाचा कर्ताकरविता विल्यम सडेल हा एका कापडगिरणीचा व्यवस्थापक. खेळाडूंना पैसे देणे नियमबाह्य होते तेव्हा, 1884 साली, आम्ही पैसे देतो असे त्याने उघड सांगितले. पुढच्याच वर्षी व्यावसायिक खेळास मान्यता मिळाली. पुढे 1895 साली गिरणीच्या पैशाच्या अफरातफरीबद्दल सडेलला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातला बराच पैसा संघावर उधळला गेला होता. म्हणजे प्रेस्टनच्या सर्वांत जुन्या सोनेरी आठवणीच्या तळाशीच पैसा आहे, आणि तोही गिरणीच्या तिजोरीतला!

फिनी 1922 साली याच गावात जन्मला. बापाने बजावले : आधी नळकामाची उमेदवारी पुरी कर, मग फुटबॉल. महायुद्धामुळे लीगमधला त्याचा पहिला सामना 1946 पर्यंत लांबला. पाय मूळचा डावा. पण उजवा पाय त्याने असा घडविला की दोन्ही कडांना आणि मध्येही तो सारख्याच सहजतेने खेळे. 1960 पर्यंत एकाच संघाकडून 433 लीग सामने आणि 187 गोल, इंग्लंडकडून 76 सामने आणि 30 गोल. मॅथ्यूज मोठा की फिनी मोठा, हा वाद तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालला. प्रेस्टनमध्ये अर्थात तो वाद नव्हताच. एवढा मोठा गडी नळदुरुस्तीचा धंदाही चालवीत असे. कौतुकाने सांगतात ते हेच, आणि ते खरे आहे.

पण हा धंदा त्याने का सोडला नाही? 1901 साली लीगमधील खेळाडूच्या पगारावर आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा घालण्यात आली होती. किमान वेतनासाठी झगडणारे आपण. तेथे कमाल वेतनाचा कायदा मालकांनीच केलेला! मर्यादा हळूहळू वाढत गेली, तरी फिनीच्या अखेरच्या दिवसांत ती हंगामात वीस पौंड आणि उन्हाळ्यात सतरा पौंड होती. शिवाय करार संपला तरी क्लबच्या संमतीवाचून गड्याला दुसरीकडे जाता येत नसे. 1952 साली इटलीतील पालेर्मोच्या क्लबने फिनीला दहा हजार पौंड रोख, महिन्याला एकशे तीस पौंड पगार, बंगला आणि मोटार देऊ केली. प्रेस्टनच्या चालकांनी नकार दिला आणि विषय तेथेच संपला. ज्याला 'निष्ठा' म्हणून गौरवितात, तिच्या दाराला बाहेरून कडी होती. दार उघडे असते तर फिनी गेलाच असता, असे मी म्हणत नाही. पण कडी होती हे सांगायला कोणी विसरू नये.

खेळाडूंची युनियन 1907 पासून होती. जिमी हिल अध्यक्ष झाल्यावर तिने कंबर कसली. त्या सुमारास मँचेस्टरला भरलेल्या सभेतली गोष्ट सांगतात. एक तरुण खेळाडू उठून म्हणाला, माझा बाप खाणीत राबतो, त्याहून अधिक आपण का मागावे? तेव्हा बोल्टनचा टॉमी बँक्स, जो स्वतः कोळशाच्या खाणीत काम केलेला, म्हणाला : तुझ्या बापाची पाळी मी करतो, हजारो लोकांपुढे मॅथ्यूजला अडवायला त्याला पाठवून दे. सभेचा कल तेथेच ठरला म्हणतात. संपाची नोटीस गेली, आणि 18 जानेवारी 1961 रोजी वीस पौंडांची मर्यादा उठली. फुलम क्लबने, ज्याचा अध्यक्ष एक विनोदी नट होता, जॉनी हेन्सला लगोलग आठवड्याला शंभर पौंड दिले. क्लबच्या मुठीचे बंधन 1963 साली जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात न्यायालयाने सैल केले.

या विजयाची किंमतही सांगितली पाहिजे. मर्यादा होती तोवर गिरणगावचा क्लब राजधानीच्या क्लबाइतकाच पगार देऊ शके. गडी गावातच राही, गावच्या बसने मैदानावर येई. त्या जवळिकीची हळहळ खोटी नाही. मात्र तिचा खर्च सारा गड्याच्या खिशातून होत होता, प्रेक्षकाच्या किंवा चालकाच्या नव्हे.

प्रेस्टनकडून फिनी अखेरचा खेळला तो 30 एप्रिल 1960 ला. मर्यादा उठली तेव्हा त्याला निवृत्त होऊन नऊ महिनेही झाले नव्हते. 2014 साली तो वारला. मैदानाबाहेर, साचलेल्या पाण्यातून चेंडूमागे घसरत जाणारा त्याचा पुतळा 2004 पासून उभा आहे. 1961 च्या त्याच हंगामाअखेर प्रेस्टन पहिल्या वर्गातून खाली उतरले, ते अजून वर चढलेले नाही. फिनी गेला म्हणून, असे कोणी म्हणतात. वीस पौंड गेले म्हणून, असे कोणी.