नांदगाव-घोसरीची लढाई

चांदा जिल्ह्यातील (आजचे चंद्रपूर व गडचिरोली) १८५८ च्या उठावातील पहिली मोठी चकमक. १३ मार्च १८५८ रोजी मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांची सेना आणि चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने धाडलेली फौज यांच्यात ती झाली.

तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारल्यावर नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. पंचवीस वर्षांच्या बाबुरावांनी गोंड, माडिया तरुण व रोहिले जमवून जंगोम सेना उभारली आणि मार्च १८५८ च्या पहिल्या आठवड्यात राजगड परगणा ताब्यात घेतला. तो सोडवण्यासाठी आलेल्या फौजेशी नांदगाव-घोसरीजवळ गाठ पडली. दोन्ही बाजूंची माणसे पडली. गोंड परंपरा हा बाबुरावांचा विजय मानते. तरी एवढ्यावर काहीच मिटले नाही. आडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले, सेना गढीसुर्ल्याच्या डोंगरावर चढली आणि पायथ्याशी आलेल्या फौजेवर तिने वरून धोंडे लोटले. बंदुका कमी असलेल्यांना डोंगराचाच आधार होता. पुढे सगणापूर व बामणपेठ येथेही लढाया झाल्या. निकाल एकीचाही लागला नाही.

२९ एप्रिलला प्राणहितेकाठच्या चिंचगुंडी येथील तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलँड व हॉल हे कर्मचारी मारले गेले, पीटर निसटला. या हल्ल्यानंतर क्रिक्टनने फौजेपेक्षा जमीनदारीवर भर दिला. मोलमपल्ली ही अहेरीच्या अखत्यारीतली, म्हणून अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर बाबुरावांना पकडून देण्याची जबाबदारी आली. या उठावाला इंग्रजांविरुद्धचा लढा म्हणणे योग्यच. पण त्यात गोंडांविरुद्ध गोंड उभे राहिले आणि रोहिले दोन्हीकडे होते, हे झाकून त्याचा इतिहास सांगता येणार नाही. लक्ष्मीबाईंना फितूर म्हणून मोकळे होणेही पुरेसे नाही. नागपूरचे राज्य बुडालेले सगळ्यांनी पाहिले होते, आणि अहेरीची जमीनदारी आता इंग्रजांच्या मर्जीवर होती.

लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबुरावांना भोपाळपट्टणम येथे एकदा पकडले, पण ते निसटले. १८ सप्टेंबरला ते पुन्हा हाती लागले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात, पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आली. दरवर्षी या दिवशी लोक तेथे अभिवादनाला जमतात. व्यंकटराव बस्तरात आश्रयाला गेले. १८६० मध्ये तेथील राजाने त्यांना इंग्रजांच्या हवाली केले. त्यांना जन्मठेप, काळे पाणी झाले व मालमत्ता जप्त झाली. लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून ६७ गावे मिळाली.